तिबेटचा कारभार, तिबेटींच्या हाती

१६४२ मध्ये मंगोल सरदार गुश्री खानाच्या पाठबळावर पाचव्या दलाई लामांची सत्ता तिबेटवर आली. अठराव्या शतकात चीनच्या मांचू सम्राटाचे प्रतिनिधी, म्हणजे अंबान, ल्हासात बसू लागले. त्यांचा वचक पुढे कधी वाढला, कधी नावापुरता उरला. करवसुली आणि न्यायनिवाडा मात्र तिबेटी अधिकारीच पाहत. १९१० मध्ये चिनी फौज ल्हासात घुसली आणि तेरावे दलाई लामा भारतात आले. चीनमधल्या क्रांतीनंतर ती फौज हाकलली गेली. १९१३ मध्ये परतलेल्या दलाई लामांनी तिबेटच्या स्वातंत्र्याची घोषणा केली.

पुढची सदतीस वर्षे ल्हासावर बाहेरचा अंमल नव्हता. नाणी, नोटा, टपाल तिकिटे, सैन्य सारे स्वतःचे. १९४८ मध्ये व्यापारी शिष्टमंडळ घेऊन परदेशी गेलेले तिबेटी अधिकारी शाकाब्पा यांचे पारपत्र तिबेट सरकारने दिलेले होते. त्यावर ब्रिटनसह काही देशांचे शिक्के आहेत. पण त्या देशांनी तिबेटला राष्ट्र म्हणून मान्यता दिली नाही. घरातही घात झालाच. आधुनिक फौजेला बड्या मठांनी विरोध केला, ग्यांत्सेची इंग्रजी शाळा १९२६ मध्ये बंद पाडली. हा दोष तिबेटप्रेमींनी झाकू नये.

१९५० मध्ये चिनी फौजेपुढे पूर्व तिबेटातले चाम्दो पडले. संयुक्त राष्ट्रांत एल साल्वादोरने विषय मांडला, तो पुढे ढकलण्यात ब्रिटनबरोबर भारतही होता. १९५१ च्या सतरा कलमी कराराने स्वायत्ततेचे आश्वासन दिले. १९५४ च्या पंचशील कराराने भारताने तिबेटला चीनचा प्रदेश मानले, तेव्हा राज्यसभेत डॉ. आंबेडकरांनी त्या धोरणावर कडक टीका केली. पाच वर्षांत ल्हासात उठाव झाला आणि चौदावे दलाई लामा सीमा ओलांडून आले. १९६५ मध्ये चीनने 'तिबेट स्वायत्त प्रदेश' स्थापला; तिथल्या पक्षसचिवपदी, म्हणजे खऱ्या सत्तेच्या जागी, आजवर एकही तिबेटी बसलेला नाही.

लोकांच्या मताचे राज्य तिबेटींनी उभारले ते परमुलखात. १९६० मध्ये निर्वासितांनी आपले पहिले प्रतिनिधी निवडले. १९६३ च्या घटनेच्या मसुद्यात दलाई लामांचे अधिकार काढून घेण्याची तरतूद होती. लोकांना ती रुचेना. दलाई लामांनीच आग्रहाने ती ठेवायला लावली. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. २००१ मध्ये निर्वासित सरकारच्या कार्यकारी प्रमुखाची थेट निवडणूक झाली, २०११ मध्ये दलाई लामांनी राजकीय अधिकार पूर्णपणे सोडले.

आज विदर्भातल्या गोठणगावजवळच्या नोर्ग्येलिंग वसाहतीतले तिबेटीही निर्वासितांच्या या निवडणुकांत मत देतात. निर्वासित सरकारच्या हिरव्या पुस्तिकेत वार्षिक वर्गणीची नोंद असते. ती दाखवून मतदान होते. निर्वासित सरकारचे ठाणे असलेल्या धर्मशाळा शहरातल्या संसदेत पंचेचाळीस जागा आहेत. त्यांत ऊ-त्सांग, खाम आणि आम्दो या तिन्ही प्रांतांना प्रत्येकी दहा, बोन धरून पाच धर्मपरंपरांना प्रत्येकी दोन, उरलेल्या पाच भारतीय उपखंडाबाहेर राहणाऱ्या तिबेटींना. खामचा मोठा भाग आणि जवळजवळ सारा आम्दो चीनने सिचुआन, छिंगहाय अशा प्रांतांत वाटून टाकला आहे. २००८ मध्ये धर्मशाळेच्या दूतांनी चीनच्याच घटनेच्या चौकटीत या साऱ्या तिबेटी मुलखासाठी एकत्रित स्वायत्तता मागितली. बीजिंगने ती फेटाळली, आणि २०१० नंतर उभयपक्षी औपचारिक बोलण्यांची एकही फेरी झालेली नाही.