खरेदी आणि खर्च : व्यापारी अंदाजपत्रकातील एक संज्ञाभेद

‘जमा’ आणि ‘खर्च’ हे शब्द फारसीमार्गे मराठीत आले व दफ्तरांतून दुकानाच्या वहीपर्यंत रुजले. रोकडवहीत आलेली रक्कम जमा, दिलेली रक्कम खर्च. मालाचे पैसे चुकते केले की तेही खर्चाच्याच बाजूस पडतात. रोकडीपुरते हे यथार्थ होय. नफा काढताना मात्र हाच अर्थ कायम ठेवल्यास हिशेब फसतो. लेखाशास्त्राच्या दृष्टीने न विकलेला माल ही मत्ता असते. तो विकला गेला म्हणजेच त्याचा परिव्यय खर्चात येतो.

यास्तव अंदाजपत्रकाचा आरंभ खरेदीपासून होत नाही, विक्रीच्या अंदाजापासून होतो. विक्रीतून ढोबळ नफा वजा केला असता विकावयाच्या मालाचा परिव्यय मिळतो. त्यात अखेरीस हवी असलेली मालाची शिल्लक मिळवावी व आरंभीची शिल्लक वजा करावी. राहील ती खरेदी.

एखाद्या कापडाच्या दुकानात विक्रीवर शेकडा 25 ढोबळ नफा पडतो आणि पुढील महिन्याच्या परिव्ययाच्या शेकडा 40 इतका माल महिनाअखेर शिल्लक ठेवला जातो, असे समजू. दिवाळीपूर्व महिन्याची विक्री 1,00,000 रुपये, दिवाळीच्या महिन्याची 1,60,000 आणि त्यानंतरची 80,000 धरल्यास परिव्यय अनुक्रमे 75,000, 1,20,000 व 60,000 रुपये होतो. पहिल्या महिन्याची खरेदी 75,000 + 48,000 − 30,000, म्हणजे 93,000 रुपये. दुसऱ्याची 1,20,000 + 24,000 − 48,000, म्हणजे 96,000 रुपये.

आता खरेदीलाच खर्च मानले, तर पहिल्या महिन्याचा नफा अवघा 7,000 व दुसऱ्याचा 64,000 रुपये दिसतो. वास्तविक तो 25,000 व 40,000 रुपये आहे. दोन्ही महिने एकत्र घेतले तरी 71,000 व 65,000 यांत 6,000 रुपयांचे अंतर उरते. शिल्लक माल 30,000 वरून 24,000 वर आला, त्याचेच हे अंतर होय. मंदीच्या आभासाने सणाच्या तोंडावर खरेदी आखडणे, किंवा पुढे फुगलेल्या नफ्यावर विसंबून रक्कम उचलणे, हे दोन्ही धोके या एका शब्दातून उद्भवतात.

‘शेकडा 25 नफा’ हा प्रयोगही असाच संदिग्ध आहे. तो परिव्ययावर धरला, तर 1,00,000 रुपयांच्या विक्रीमागे परिव्यय 75,000 नव्हे, 80,000 रुपये होतो. नफा कशावर, हे अंदाजपत्रकात स्पष्ट लिहिले पाहिजे.

शिल्लक माल ही मत्ता असली, तरी तिचे मूल्य अबाधित नसते. भारतीय लेखामानक 2 अन्वये साठ्याचे मूल्य परिव्यय व निव्वळ वसूलयोग्य मूल्य यांपैकी जे कमी असेल ते धरावे लागते. सणानंतर पडून राहिलेल्या कापडाचा भाव परिव्ययाखाली उतरला, तर तेवढी रक्कम विक्रीवाचूनच खर्चात जाते. खरेदीच्या अंदाजात अखेरच्या शिलकेचा आकडा सर्वाधिक विचाराने ठरवावा लागतो, तो याच कारणाने.