आजीच्या ओव्या आणि साखरेची साखळी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली काढली. तीत दोन वस्तू निघाल्या. एक पणजोबांची, हातकागदावर लिहिलेली पोथी; दुसरी, आजीच्या जात्यावरच्या ओव्या वडिलांनी १९६२ साली उतरवून घेतलेली शाळकरी वही. पोथी शंभरी ओलांडलेली, पण पाने अजून लवचीक. वहीचे पान उलटू गेलो, तर कोपरा पापडासारखा मोडला आणि हातातच त्याचा चुरा झाला. एका ओवीचा अर्धा चरण गेला!

मी पडलो मराठीचा माणूस. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मित्रापुढे गाऱ्हाणे मांडले. तो म्हणाला, "अरे, ही सारी सेल्युलोजची कथा!"

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती जी भिंत असते, तिचा मुख्य आधार म्हणजे सेल्युलोज. १८३८ साली आन्सेल्म पायें या फ्रेंच रसायनज्ञाने ते वेगळे काढले. कापसात ते सुमारे ९० टक्के, लाकडात ४० ते ५० टक्के असते. आता गंमत पाहा. भातातला स्टार्च आणि हे सेल्युलोज, दोहोंची वीट एकच : ग्लुकोज, म्हणजे साखरच! फरक आहे तो सांध्याचा. स्टार्चमध्ये विटा एकाच बाजूने जोडलेल्या, म्हणून साखळी वेटोळी होते. सेल्युलोजमध्ये एकाआड एक वीट उलटी बसते, म्हणून साखळी सरळ राहते. अशा सरळ साखळ्या शेजारी शेजारी निजतात आणि हायड्रोजनच्या बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात. एकेक बंध दुबळा; पण असंख्य बंध मिळून धागा चिवट होतो. हा उलटा सांधा आपल्या पोटाला सोडवता येत नाही; गाईच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांना येतो. म्हणून आपण भात खातो आणि गाय कडबा!

एका साखळीत हजारो विटा असतात. रेणू इतके लांब असू शकतात, हे हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडले, तेव्हा अनेकांना ते पटेना. १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

"मग माझ्या वहीचे काय?" मी विचारले.

शाई फुटू नये म्हणून त्या काळच्या गिरणीच्या कागदात राळ आणि तुरटीच्या जातीचा क्षार घालीत. त्यातून आम्ल तयार होते. ते दमट हवेतल्या पाण्याच्या साह्याने साखळीचे सांधे एकेक करून तोडते. साखळ्या आखूड झाल्या की कागद ठिसूळ होतो. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या पोथीच्या कागदात साखळ्या लांब, आणि हे आम्लही नाही.

तुटलेली साखळी पुन्हा जोडता येत नाही, हे ऐकून मी घरी आलो तो गप्पच. वडील आज नाहीत. रात्री ऐंशीच्या घरातल्या आत्याला फोन केला आणि ओवीचा पहिला चरण वाचून दाखवला. क्षणभर पलीकडे शांतता. मग थरथरत्या आवाजात तिने पुढचा चरण गाऊनच दाखवला.

तेव्हापासून रोज रात्री दोन पाने नव्या हातकागदावर उतरवतो आहे. वाचकहो, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी वही असेल. ती या दिवाळीतच खाली काढा. आणि घरात कुणी आत्या असेल, तर आधी तिच्याकडे जा.