पांढरकवड्याहून बर्फाकडे: गुलमर्ग की औली?

पांढरकवड्यावरून जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग एका टोकाला कन्याकुमारीला, तर दुसऱ्या टोकाला श्रीनगरला पोचतो. आपला त्याच्याशी संबंध बहुतेक वेळा खाली आदिलाबाद आणि वर नागपूर एवढाच. जुनी माणसं तर त्याला अजून जुन्या क्रमांकाने 'सात नंबर'च म्हणतात. पण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की केळापूर तालुक्यातल्या घराघरांत 'एकदा बर्फात जाऊन येऊ' ही चर्चा सुरू होते. कुणी काश्मीर म्हणतं, कुणी उत्तराखंड. नुसता बर्फ बघायचा नाही, स्की पायात चढवून घसरायचंही आहे असं ठरलं, की नावं दोनच उरतात: गुलमर्ग आणि औली. मनालीजवळचं सोलंग आहेच, पण तिथे अनेकांची मजल भाड्याचा कोट घालून फोटो काढण्यापलीकडे जात नाही.

पहिली अडचण कॅलेंडरची. दिवाळीच्या सुट्टीत या दोन्ही ठिकाणी स्कीजोगा बर्फ नसतो आणि उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत तो सरलेला असतो. गुलमर्गला अगदी उंचावर एप्रिल-मेपर्यंत बर्फ राहतो, पण तो पाहण्यापुरता. घसरण्याचा खरा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीचा, म्हणजे नेमके आपल्याकडे कापसाच्या वेचण्या, तुरीची सोंगणी आणि खरेदी केंद्रावरच्या रांगा चालू असतात तेव्हाचा. चुकारा हातात पडल्याशिवाय तिकीट काढायचं नाही हा घरोघरचा नियम आणि त्यापुढे दहावी-बारावीच्या परीक्षा. त्यामुळे २६ जानेवारीनंतरचे दोन-तीन आठवडे, तेही घरात बोर्डाचं मूल नसेल तर, हाच खरा मुहूर्त.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे. १९२७ मध्ये इंग्रजांनी इथे स्की क्लब काढला. स्वातंत्र्यानंतर लष्कराने उंचावरच्या युद्धाचं प्रशिक्षण इथेच सुरू केलं आणि पुढे पर्यटन खात्याची स्कीइंग शिकवणारी संस्थाही आली. पण गुलमर्गचं नाव जगभर झालं ते गंडोलामुळे, म्हणजे केबल कारमुळे. तिचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो कोंगडोरीला सुमारे ३,१०० मीटरवर नेतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत जातो. तिथून खाली येणारा उतार आखून-रेखून दाबलेला नाही. तो मोकळा, खोल, भुसभुशीत बर्फाचा आहे आणि त्याच्यासाठी युरोपातून माणसं येतात. आपल्यासाठी तो नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच डोंगरावर हिमस्खलनात एक रशियन स्कीपटू दगावला. नवशिक्यांची जागा खाली, गावाजवळच्या सौम्य उतारांवर आहे.

याच परिसरातल्या आरिफ खानने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचं प्रतिनिधित्व केलं. आपल्या पथकातला तो एकटाच खेळाडू होता आणि जायंट स्लालममध्ये तो ४५ वा आला. वडिलांचं स्कीच्या साहित्याचं दुकान असल्यामुळे पोरगं लहानपणापासून बर्फावर.

औलीची गोष्ट निराळी. चमोली जिल्ह्यात जोशीमठच्या वर, साधारण २,५०० ते ३,००० मीटरवर पसरलेले हे उतार. समोर ७,८१६ मीटरचं नंदादेवी शिखर. गुलमर्गपेक्षा इथे गर्दी कमी आणि उतार आटोपशीर. गढवाल मंडळ विकास निगम इथे वर्षानुवर्षं ७ आणि १४ दिवसांचे वर्ग चालवत आलं आहे. राहणं, जेवण, साहित्य, शिक्षक असं सगळं एकत्र, ही पद्धत आपल्याकडच्या मध्यमवर्गीय कुटुंबाला सोयीची. पण जोशीमठ गाव जुन्या भूस्खलनाच्या ढिगाऱ्यावर वसलेलं आहे. तिथे जड बांधकाम नको, असं मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगितलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये शेकडो घरांना तडे गेले आणि जोशीमठ-औली हा सुमारे ४ किलोमीटरचा रोपवे थांबवावा लागला. तेव्हा रोपवेच्या भरवशावर बेत आखू नका, गाडीरस्त्याचाच हिशेब धरा. तोही सोपा नाही. ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, सगळा घाट, पूर्ण दिवस जातो. लहान मुलांना उलट्या होतात, म्हाताऱ्यांची कंबर बसते.

बर्फाची हमी मात्र कुठेच नाही. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी औलीत कृत्रिम बर्फाची यंत्रं आली, पण यंत्रालाही कडाक्याची थंडी लागतेच. जानेवारी २०२४ मध्ये खुद्द गुलमर्ग बराच काळ उघडंबोडकं होतं. २०२५ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतल्या गुलमर्गच्या लढती बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. तरीही उंचीमुळे गुलमर्गची बाजू उजवी.

शिकणं म्हणजे काय, तेही समजून घ्या. जड, टणक बूट आधी पुढून आणि मग टाचेकडून स्कीवर दाबायचा, खट् आवाज आला म्हणजे बसला. जोरात पडलात तर तो आपोआप सुटतो, पाय वाचतो. सुरुवातीला उतरणं नाहीच. आडव्या पावलांनी, एकेक स्की उचलत टेकाड चढायचं. मग पुढची टोकं जवळ, मागची लांब, गुडघे वाकवून वेग कमी करायला शिकायचं. एका दिवसात घाम निघतो आणि हाती फारसं काही लागत नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून वळणं जमू लागतात. म्हणून दोन रात्रींच्या पॅकेजमध्ये 'स्कीइंगसह' असं छापलेलं असेल, तर त्या शब्दाला फार किंमत देऊ नका.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचा बळी गेला. त्यांत सहा जण महाराष्ट्रातले होते. त्यानंतर काश्मीरचं नाव निघताच घरातली आई 'नको' म्हणाली, तर तिला भित्री ठरवण्याचा अधिकार कुणाला नाही. दुसरीकडे, जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे धावू लागली आहे. नागपूरहून विमानाने दिल्लीमार्गे श्रीनगर गाठता येतंच. गुलमर्गच्या वाटेवरच्या टंगमर्गनंतर बर्फात साध्या गाडीला वर सोडत नाहीत, चाकांना साखळ्या बांधलेली किंवा फोर-बाय-फोर गाडी घ्यावी लागते. गमबूट आणि कोट तिथेच भाड्याने मिळतात, पांढरकवड्याहून स्वेटरांचं गाठोडं नेण्याची गरज नाही.

माझं मत असं: आजी-आजोबांसह सहा-सात जणांचं घर निघणार असेल तर गुलमर्ग. त्यांना कोंगडोरीपर्यंतच न्या, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी दुसऱ्या टप्प्याचा हट्ट धरू नये. गंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा, दारात उभं राहून मिळेल या भ्रमात राहू नका. पण कॉलेजातला पोरगा किंवा पोरगी खरोखर शिकायला निघाली असेल, तर त्याला किंवा तिला एकटंच सात दिवसांच्या सरकारी वर्गाला पाठवा. त्या वर्षी औलीत बर्फ पडला असेल तर औली, नसेल तर गुलमर्गची पर्यटन खात्याची संस्था. पैसे भरण्यापूर्वी दोन्हीकडे फोन करून बर्फ किती आहे, एवढं विचारा.