खासबाग कुस्ती मैदान

राजर्षी शाहू खासबाग कुस्ती मैदान हे कोल्हापूर शहरात मिरजकर तिकटीजवळ असलेले, खास कुस्तीसाठी बांधलेले खुले मैदान आहे. कोल्हापूर संस्थानचे अधिपती छत्रपती शाहू महाराज (१८७४–१९२२) यांनी ते उभारले आणि १९१२ साली ते खुले झाले. सुमारे ३० हजार प्रेक्षक येथे बसू शकतात. मधोमध असलेल्या हौद्यातील लढत अगदी शेवटच्या रांगेतील माणसालाही विनाअडथळा दिसावी, हा या बांधणीचा मूळ हेतू होता.

पार्श्वभूमी

मैदानाचे महत्त्व कळण्यासाठी कुस्ती पूर्वी कशी पाहिली जाई, हे ध्यानात घ्यावे लागते. गावच्या यात्रेचा किंवा उरुसाचा शेवटचा दिवस कुस्त्यांचा असे. बीडसारख्या जिल्ह्यांत आजही अनेक ठिकाणी असतो. नांगरलेल्या सपाट जमिनीवर फड आखला जाई. मुलांच्या नारळावरच्या कुस्त्यांनी प्रारंभ होई आणि मोठ्या इनामाची जोड सर्वांत शेवटी लागे. पुढच्या चार-पाच रांगांना खेळ दिसे. मागच्यांना दिसत ते पुढच्यांचे फेटे. मग कोणी झाडावर चढे, कोणी बैलगाडीवर उभा राही. पहिलवानांची पाठ जमिनीला टेकली की नाही, याचा निवाडा गर्दीत ऐकीव बातमीसारखा मागे पोहोचे. चितपटीचा निर्णय हा क्षणाचा आणि बोटभर अंतराचा असल्यामुळे ही अडचण कुस्तीत विशेष जाणवे.

शाहू महाराज स्वतः कुस्ती खेळलेले होते व उत्तरेकडील नामांकित मल्लांना त्यांनी आश्रय दिला होता. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त १९०२ मध्ये ते युरोपला गेले. त्या प्रवासात रोमचे कलोसियम पाहून त्यांना अशा मैदानाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. ‘खासबाग’ या नावातच जागेचा पूर्वेतिहास आहे: राजाची खासगी बाग ती खासबाग.

रचना

खासबागेला पुष्कळदा ‘कलोसियमची प्रतिकृती’ म्हटले जाते. हा शब्दप्रयोग अचूक नाही. इ. स. ८० मध्ये सम्राट टायटसच्या काळात खुले झालेले कलोसियम लंबवर्तुळाकार आहे. कमानींवर कमानी रचून ते जमिनीपासून जवळजवळ ४८ मीटर उंच नेलेले आहे. खासबागेत असे मजले नाहीत, कमानीही नाहीत. येथे मध्यभाग खोलगट असून भोवतीची बैठक बशीच्या कडेप्रमाणे बाहेरच्या बाजूस चढत जाते. वर छप्पर नाही, त्यामुळे दृष्टीआड येणारा खांबही नाही. रोमकडून घेतले ते एवढेच तत्त्व, की खेळ खाली आणि प्रेक्षक वर, सर्व बाजूंनी. त्यासाठी रोमन वास्तूचा डोलारा न उचलता जमिनीचा उतारच कामाला लावला, हे अधिक शहाणपणाचे म्हटले पाहिजे. मैदानाच्या एका बाजूस व्यासपीठ आहे.

मध्यभागी असलेल्या वर्तुळाकार आखाड्याला हौदा म्हणतात. त्यातील माती ही नुसती माती नसते. चाळून घेतलेल्या तांबड्या मातीत हळद, काव, ताक, तेल, लिंबाचा रस, कापूर असे पदार्थ मिसळून ती मऊ ठेवतात आणि वरचेवर उकरतात, म्हणजे पाठीवर आपटलेल्या मल्लाला इजा कमी होते. लॅटिनमध्ये ‘हरेना’ म्हणजे वाळू. रोमन क्रीडांगणात रक्त शोषून घेण्यासाठी वाळू पसरत, आणि त्यावरूनच युरोपीय भाषांतील ‘अरेना’ हा शब्द आला. दोन्हीकडे पायाखालच्या मातीला इतके महत्त्व असावे, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

कुस्त्या

मैदानाचा शुभारंभ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीने झाला. इमामबक्ष हे प्रख्यात गामा पहिलवानांचे बंधू. दोनच वर्षांपूर्वी, १९१० मध्ये, त्यांनी लंडनमध्ये स्विस मल्ल जॉन लेम याला हरवले होते. म्हणजे संस्थानी गावातील या मैदानावर पहिल्याच दिवशी जागतिक कीर्तीचा मल्ल उतरला.

पुढे गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींतील मल्लांसाठी खासबाग हे कसोटीचे स्थान ठरले. तालमीत वर्षानुवर्षे मेहनत करावी, वस्तादांनी जोड ठरवावी आणि हलगीच्या तालावर शड्डू ठोकत हौद्यात उतरावे, हा क्रम होता. कोल्हापूरच्या तालमींचा प्रभाव जिल्ह्यापुरता राहिला नाही. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार गंगावेश तालमीत तयार झाले व १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी ठरले. नंतर ते पुण्यात वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली घडलेले बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण व २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. आवारे यांची ही पदके मात्र गादीवरची आहेत, मातीवरची नव्हेत.

माती आणि गादी

खासबाग ज्या खेळासाठी बांधले, तो खेळच पुढे बदलला. मातीतील जुन्या निकाली कुस्तीला वेळेची मर्यादा नव्हती. पाठ लागेपर्यंत झुंज चाले. पाश्चात्त्य कुस्तीतही एके काळी हीच स्थिती होती. खासबाग खुले झाले त्याच वर्षी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये क्लाइन आणि असिकाइनेन यांची एक लढत अकरा तासांहून अधिक चालली होती. आता आंतरराष्ट्रीय लढत गादीवर, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत व गुणांवर होते. मातीत पाय रोवून करावयाचे डाव गादीवर वेगळ्या चपळाईने करावे लागतात. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीची फारशी सवय नव्हती, तरी ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले.

१९६१ साली औरंगाबाद येथे सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेने यावर तडजोड काढली आहे. माती व गादी असे दोन विभाग ठेवून त्यांच्या विजेत्यांत किताबाची लढत होते. ती मात्र गादीवर. मातीत वाढलेल्या मल्लाला शेवटचा दिवस परक्या जमिनीवर काढावा लागतो, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. खासबागेचा हौदा आजही मातीचाच आहे.

२०२४ ची आग

मैदानाला लागूनच शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभारले. तेच आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, लागलेल्या आगीत नाट्यगृहाची प्रचंड हानी झाली व मैदानाच्या बाजूचे व्यासपीठही जळाले. हौदा आणि भोवतीची बैठक मातीची व दगडी असल्यामुळे बचावली. नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले.