परमुलुखातली मेहफिल आणि घरची बोली

नांदेड-लातूरची मुलं-मुली आता शिकायला लंडन, बर्लिन, मेलबर्नपर्यंत जातात. निघताना अम्मी लोणचं, मसाले, जानमाज सगळं बॅगेत भरून देते. तिकडे गेल्यावर एक गोष्ट मात्र नकळत मागे पडते, ती म्हणजे बोली. वर्गात इंग्रजी, दिल्ली-लखनौच्या मित्रांत 'साफ' उर्दू. 'हौ', 'नक्को', 'कायकू' उरतं ते घरच्या फोनपुरतं. काहींना तर त्याची लाजही वाटू लागते. अशा मुलांना सुचवावंसं वाटतं, की शहरात काव्यवाचनाची रात्र असेल तर जरूर जा.

घर सोडून शिकताना मेहफिल सापडणं आपल्याकडे नवं नाही. सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं 1958 मध्ये. तोवर उच्च शिक्षणासाठी अनेकांची वाट हैदराबादकडे जायची. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून शिकवत. वैजापूरला जन्मलेले सिकंदर अली 'वज्द' तिथंच शिकले, नामवंत शायर झाले आणि पुढे राज्यसभेतही गेले.

याच दख्खनच्या मुशायऱ्यांत सुलेमान खतीब यांनी दखनी बोलीला मान मिळवून दिला. ते शेजारच्या बीदर जिल्ह्यातले. हुंड्याची बोलणी, सासू-सुनेची कुरबुर असले घरातले विषय ते घरातल्याच भाषेत मांडत. लोक आधी खळखळून हसत आणि शेवटी डोळे पुसत. जी बोली अडाणी समजली जायची, तिनं सगळी सभा जिंकली.

तिकडच्या काव्यरात्रीचे प्रकार साधारण दोन. 'ओपन माइक'मध्ये आधी नाव नोंदवायचं आणि पाळी आली की वाचायचं. 'स्लॅम' ही स्पर्धा असते. मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम कामगारानं 1980 च्या दशकात ती शिकागोत सुरू केली. श्रोत्यांतूनच 5 परीक्षक निवडतात. ते 0 ते 10 गुण देतात, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून बेरीज होते. वेळ साधारण 3 मिनिटं. तिथं 'मुकर्रर' म्हणून शेर पुन्हा मागता येत नाही. दाद टाळ्यांनी, कुठं चुटक्या वाजवून देतात. पण कान देऊन ऐकणं आणि नेमक्या ओळीवर दाद देणं ही मुशायऱ्याची तालीम तिथंही कामी येते.

आईवडिलांच्या मनात शंका येणं साहजिक आहे, कारण असे बरेच कार्यक्रम दारू मिळते अशा ठिकाणी होतात. पण विद्यापीठं, ग्रंथालयं आणि पुस्तकांच्या दुकानांतही ते होतात. जागा आधी विचारून घ्यावी. लंडनच्या साउथबँक सेंटरमध्ये तर खास कवितेचं ग्रंथालय आहे. उन्हाळ्यात तिकडे मगरिब फार उशिरा होते, तेव्हा नमाजची वेळ पाहूनच बेत आखावा. राहिला कवितेचा प्रश्न. हस्सान बिन साबित (रजि.) हे खुद्द प्रेषितांच्या (स.) काळातले शायर. कविता काय सांगते, यावर तिचं भलंबुरं ठरतं.

दोन-तीनदा नुसतं ऐकावं. मग एकदा आपलं नावही नोंदवावं. लातूरचे फ. म. शहाजिंदे यांनी मुस्लिम जगणं मराठी कवितेत आणलं. तसं तुम्ही दखनीत किंवा मराठीत वाचा, सोबत दोन वाक्यांत अर्थ सांगा. अवघड शब्द अडला तर अम्मीला, नानीला फोन करा. एका शब्दासाठी केलेला तो फोन तासभर चालेल, आणि पुढच्या कवितेचा विषय त्यातूनच मिळेल.

वली औरंगाबादी 1700 च्या सुमारास दिल्लीला गेले, तेव्हा तिथले शायर प्रामुख्यानं फारसीत लिहीत. पुढे वलींचा दीवान तिथं पोचला आणि दिल्लीकर आपल्या बोलीत गझल लिहू लागले. दख्खनची भाषा परमुलुखात नेल्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. उलट दिल्लीची शायरी त्यानं समृद्ध झाली.