धुळीतले धुरकरी

वर्धा म्हटले, की महाराष्ट्रातल्या कोणत्याही गृहस्थाच्या डोळ्यांपुढे चरखा, सेवाग्रामची कुटी आणि पवनारची धाम नदी उभी राहते. या खादीच्या गावाचा युरोपातल्या पोरसवदा मोटारसायकलस्वारांशी संबंध आहे, असे कोणी सांगितले, तर होळीची भांग दिवाळीतच चढली की काय, असे आपण विचाराल. पण वाचकहो, संबंध आहे, आणि तो चांगला घराण्याचा आहे!

वर्ध्याचे शेठ बच्छराज बजाज यांच्या घरी जमनालालजी नातू म्हणून दत्तक आले. त्यांनीच गांधीजींना वर्ध्यास आणले. १९२८ साली आपले लक्ष्मीनारायण मंदिर सर्व जातींना खुले केले. १९४२ साली ते गेले. पुढे १९४५ साली बच्छराजांच्या नावाने एक व्यापारी कंपनी निघाली आणि तीच कालांतराने बजाज ऑटो झाली. पुढे चिरंजीव उभे, मागे सौभाग्यवती बसलेल्या, अशा थाटात आपल्यापैकी पुष्कळांचे संसार ज्या स्कूटरवर चालले, ती या घरची. या कंपनीने २००७ साली ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेन गावच्या केटीएम कारखान्यात भाग घेतले. २०२४ च्या अखेरीस तो कारखाना कर्जात बुडाला, तेव्हा बजाजांनी पैसा ओतला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. आता हा कारखाना कशासाठी नावाजलेला? चिखलातून उड्या घेणाऱ्या नारिंगी मोटारसायकलींसाठी! बालवर्गात शोभतील अशा मुलांसाठी तो ५० सी.सी.च्या चिमुकल्या गाड्याही बनवतो.

या खेळाला मोटोक्रॉस म्हणतात. १९२४ साली इंग्लंडात कॅम्बर्ली येथे याची पहिली शर्यत झाली, असे मानतात. डांबरी सडक इथे नसते. दीड-दोन किलोमीटरांची मातीची वाट, तीत उंचवटे, खड्डे, तीव्र वळणे. चाळीसेक स्वार लोखंडी दांड्यांच्या फाटकामागे एका ओळीत उभे राहतात, फाटक धाडकन पडते आणि सगळे एकाच वळणाकडे धावत सुटतात. मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत एक फेरी अर्धा तास आणि वर दोन वेढे इतकी चालते, आणि अशा दोन फेऱ्या. मुलांच्या जागतिक स्पर्धा निराळ्या. मूल वाढते तसे यंत्रही वाढते : आधी ६५ सी.सी., मग ८५, मग १२५. आपल्याकडे बालबोधीवरून दुसरीच्या पुस्तकात जावे, तसाच हा अभ्यासक्रम.

या शाळेतून निघालेले विद्यार्थी पाहा. जर्मनीचा केन रॉक्झेन २००७ साली ८५ सी.सी.मध्ये बालविजेता ठरला आणि २०११ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, मोठ्यांच्या दुसऱ्या वर्गाचा जगज्जेता झाला. स्पेनचा होर्खे प्रादो २०११ साली, दहा वर्षांचा असताना, ६५ सी.सी.चा जगज्जेता झाला. त्याच्या सरावासाठी सारे कुटुंब गाव सोडून बेल्जियमला राहायला गेले. मुलाच्या दहावीसाठी घरातला रेडिओ बंद ठेवणारे आपण. त्या आईबापांनी देशच बदलला! प्रादो २०१८ साली मोठ्यांतही जगज्जेता झाला, तोही सतराव्याच वर्षी.

पण या कौतुकाला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून मी आपल्याला फराळ वाढणार नाही. स्लोव्हेनियाचा टिम गाइसर अनेकदा जगज्जेता झाला. त्याच्या गाडीवर २४३ हा आकडा असतो. त्याचा भाऊ बालपणीच वारला. २४ मार्च हा त्याचा जन्मदिवस. तोच आकडा टिम मिरवतो. रॉक्झेनचा डावा हात २०१७ च्या एका अपघातात इतका मोडला, की तो राहतो की जातो अशी वेळ आली. कितीतरी शस्त्रक्रियांनंतर तो पुन्हा जिंकू लागला. आपल्या देशात २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्या शर्यतीत तेरा वर्षांचा एक गुणी मुलगा गेला. ती शर्यत डांबरी वाटेवरची होती, पण आईचे दुःख वाटेचा प्रकार विचारीत नाही.

आपल्याकडेही हे वारे आले आहे. २०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात परदेशी स्वारांसह सुपरक्रॉसच्या शर्यती भरल्या. क्रीडांगणात माती ओतून केलेले हे मोटोक्रॉसचे धाकटे भावंड. पुण्याच्या ऋग्वेद बारगुजेसारखे मराठी तरुण या खेळात नाव काढून आहेत. बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्सेने २०१९ साली बाहा शर्यतींत महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ‘मुलीची जात’ म्हणणाऱ्यांची तोंडे आपोआप मिटली.

माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याच्या डोक्यात हेच वेड शिरले. वहीच्या मागल्या पानांवर मोटारसायकलींची चित्रे! एके दिवशी म्हणाला, “सर, बाबांना तुम्हीच समजवा.” त्याचे वडील आर्वीकडचे कापूस पिकवणारे शेतकरी, तरुणपणी शंकरपटातले नावाजलेले धुरकरी. बैलांच्या या शर्यती २०१४ साली न्यायालयाने बंद केल्या होत्या. २०२१ अखेर त्यांना पुन्हा वाट मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने कायद्यावर मोहोर उठवली. म्हणजे शर्यतीची झिंग या गृहस्थांना मी सांगण्याची गरज नव्हती.

त्यांनी सारे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “सर, बैल दमला का सोताच थांबते. गाडी दमत नाई, अन् पोट्ट्याले आपन दमलो हे कयत नाई.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “तिथं डाक्टर असते का?”

मी अनेक पुस्तके वाचली आहेत, पण या प्रश्नाइतका नेमका प्रश्न क्वचितच ऐकला. परदेशातल्या त्या बालविजेत्यांच्या यशामागे तोच उभा आहे : छाती, मान, गुडघे यांना कवच, वयाला साजेसे यंत्र, बंदिस्त मैदान, शिक्षक आणि हाकेच्या अंतरावर वैद्य. आपल्याकडे ते नसेल, तर मुले तीच हौस नागपूर रस्त्यावर, विनाटोपी, भागवतात. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती रस्त्यावर गिअरची गाडी देणे हा पालकाचा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. तरी शिकवणीच्या वर्गाबाहेर संध्याकाळी उभ्या असलेल्या गाड्या मोजून पाहाव्या!

तेव्हा मुलाने असला हट्ट धरला, तर त्याला एकदम वेड्यात काढू नये, आणि शेजाऱ्याने घेऊन दिली म्हणून गाडीही आणू नये. त्याचा हात धरून मैदानापर्यंत जावे, मुकाट्याने तासभर पाहावे आणि त्या धुरकऱ्याचा प्रश्न तिथल्या व्यवस्थापकांना विचारावा. उत्तर समाधानकारक असेल, तर मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण आपल्या हाताने बांधावे. नसेल, तर मुलासह परत यावे. रुसलेले मूल घरात असणे हेही भाग्यच असते.