शेवटी बाहेर पडणारी कोण?

सोमवारी सकाळी सात वाजता शाळेत पोचले, तर संगणकाच्या खोलीबाहेर मोठ्या बाई उभ्या आणि त्यांच्यासमोर मान खाली घालून आमच्या शिपाईमावशी. आत सहाही ट्यूब लख्ख पेटलेल्या, चारही पंखे गरगरताहेत आणि बारा संगणकांच्या पडद्यांवर रंगीत मासे आपले मजेत पोहताहेत! शनिवारी दुपारी बारापासून हा सगळा थाट चालू होता.

"मावशी, हे बिल तुमच्या पगारातून कापायचं का?" मोठ्या बाई रागाने म्हणाल्या. मावशी गप्प. आणि खरं सांगते, मीही गप्पच राहिले. शनिवारचा शेवटचा तास माझा होता. बस चुकेल म्हणून बंद करायचं काम मुलींवर टाकून मी निघाले होते.

मधल्या सुट्टीपर्यंत मन खात राहिलं. शेवटी मोठ्या बाईंकडे जाऊन सांगून टाकलं, "चूक माझी आहे." शिवाय संगणकाला हात लावायचा नाही, अशी मावशींना ताकीदच होती. मग त्या बिचाऱ्या बंद तरी कशा करणार?

घरी येऊन वहीत हिशेब मांडला. एक हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं, की एक युनिट होतं. एक संगणक पडद्यासकट साधारण 60 वॅट, म्हणजे बारांचे 720. सहा एलईडी ट्यूबचे 120 आणि चार जुन्या पंख्यांचे 300. एकूण 1140 वॅट. शनिवारी दुपारी बारा ते सोमवारी सकाळी सात म्हणजे 43 तास. झाली की 49 युनिटं! आमच्या चौघांच्या घरात महिन्याला शंभराच्या आसपास युनिटं जळतात. म्हणजे आमची पंधरा दिवसांची वीज त्या माशांनी दोन दिवसांत फस्त केली.

ही वीज येते कुठून? कोयनेचं पाणी आहेच; पण चंद्रपूर, कोराडी, परळी इथे कोळसाच जळतो. एका युनिटामागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा लागतो. म्हणजे आमच्या विसराळूपणापायी पंचवीस किलो कोळशाची राख झाली असं धरा.

काही गैरसमज

"मासे फिरताहेत म्हणजे संगणक झोपलाय," असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ही चित्रं निघाली ती जुन्या जाड काचेच्या पडद्यांवर डाग पडू नये म्हणून. त्यांनी वीज वाचत नाही. दुसरा समज म्हणजे रोज बंद-चालू केल्याने संगणक बिघडतो. तेही खरं नाही. मात्र आधी संगणक रीतीप्रमाणे बंद करावा, पडदा काळा होऊ द्यावा आणि मगच भिंतीवरचं बटण दाबावं. एकदम बटण बंद केलं, तर अर्धवट राहिलेलं काम जाऊ शकतं.

आम्ही काय केलं?

बटणांवर कपाळाच्या टिकल्या चिकटवल्या! हिरवी टिकली म्हणजे जाताना बंद करायचं. लाल म्हणजे हात लावायचा नाही. दाराशी एक वही टांगली. शेवटी बाहेर पडणाऱ्या बाईंनी बंद केल्याची सही करायची. मावशींनाही संगणक बंद करायला शिकवलं. एका दुपारीत शिकल्या!

घरीही हेच सूत्र चालतं. रिमोटने टीव्ही बंद केला, तरी सेट-टॉप बॉक्स गरमच राहतो. दहा वॅटचा डबा रोज वीस तास उगाच चालू राहिला, तर महिन्याला सहा युनिटं जातात. रात्री तो भिंतीवरून बंद करा. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला, की एक युनिट होतं. तेव्हा अंघोळी लागोपाठ उरका. फ्रिज मात्र रात्री बंद करू नका, अन्न खराब होईल. आणि घरगुती बिलात शंभर युनिटांच्या पुढचा दर चढा असतो, त्यामुळे काठावर असाल तर ही थोडी थोडी बचतही जाणवते.

नोकरी करणाऱ्या मैत्रिणींनो, ऑफिसचं बिल आपण भरत नाही, म्हणून तिथे आपला हात बटणाकडे वळत नाही. घरात स्वयंपाकघराचा दिवा राहिला, तर मात्र आपण अंथरुणातून उठून जातो! आणि ऑफिसात दिवे राहिले, की बोलणी खातो तो शिपाई.

मोठ्या बाईंनी मावशींना बोलावून "माझं चुकलं" म्हटलं, हे त्यांचं मोठेपण. आणि मावशी? आता शनिवारी मी पायरी उतरले, की त्या मागून हाक मारतात, "बाई, मासे झोपवले ना?"